हॉस्टेल म्हटलं की नणंद हसते

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलून सारांश देते. वय 52, पतसंस्थेत नोकरी. मुलगी पुण्यात कामाला, यजमानांना प्रवासाची आवड नाही. हंपी पाहायची इच्छा शाळेत असल्यापासूनची. टूरवाल्यांकडे चौकशी केली, तर एकटीला वेगळी खोली हवी असेल तर सहा हजार जादा पडतील म्हणाले. हातात भिशीचे दहा हजार आहेत. मुलीने मोबाइलवर हंपीजवळ, नदीपलीकडच्या सानापूरचं एक हॉस्टेल काढून दिलं. बायकांच्या खोलीत आठ खाटा, एका खाटेचे रात्रीचे 650 रुपये. ताईंना हुरूप आला, पण नणंद हसली, "या वयात पोरांच्यात हॉस्टेलला राहणार?" तेव्हापासून मन खट्टू आहे. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, आणि "मी घोरते, हे लिहायलाही लाज वाटते." पलीकडे सानापूरला काय घडलं होतं तेही पेपरात वाचलेलं आहे. "ह्यांना पटणार नाही" म्हणून घरी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जातेय असं सांगून निघावं, असं मनात आहे. विचारतात: जाऊ का? की दोन वर्षं पैसे साठवून चांगल्या हॉटेलात राहू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, "खुशाल जा" असं एका ओळीत लिहून टाकावं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. नणंदबाई काय म्हणाल्या ते तुम्ही शब्दन् शब्द लिहिलंय. मुलीचं म्हणणंही आहे. यजमानांच्या तोंडचं मात्र एकही वाक्य पत्रात नाही. त्यांना पटणार नाही हे तुम्हीच ठरवून मोकळ्या झालात. विचारलंत का त्यांना? त्यावर नंतर येते, आधी हॉस्टेलचं बघू.

नणंदबाईंच्या हसण्यात निम्मा दोष त्या शब्दाचा आहे. आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे वसतिगृह, म्हणजे कॉलेजची पोरं, मेसची पातळ आमटी आणि रेक्टरचा धाक. प्रवाशांचं हॉस्टेल ही वेगळी चीज आहे. खोली भाड्याने न देता खोलीतली एकेक खाट द्यायची, संडास-बाथरूम सामाईक, बसायला एक मोठी जागा, कुठे कुठे स्वयंपाकघरही. त्याच ठिकाणाला 'यात्री निवास' अशी पाटी असती तर कुणी हसलं नसतं. तुम्हीच लिहिलंय की दरवर्षी गोंदवल्याला जाता आणि हॉलमध्ये अनोळखी तीस-चाळीस बायकांच्या शेजारी सतरंजी टाकून झोपता. तिथे कुणी तुमचं वय काढलं? वारीतल्या राहुट्या, गाडगेबाबांनी पंढरपूर-आळंदीला बांधलेल्या धर्मशाळा, शेगावचं भक्तनिवास, रेल्वे स्टेशनवरची डॉर्मिटरी, हे सगळं आपलं अंगवळणी पडलेलंच आहे. देव मध्ये असला की चालतं. नुसतं हिंडायला गेलेल्या बाईने तसं झोपायचं म्हटलं की भुवया वर जातात.

तिकडे युरोपातही याची सुरुवात एका शाळामास्तराने केली. रिचर्ड शिरमान हा जर्मन शिक्षक 1909 मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघालेला असताना वादळात सापडला आणि एका गावच्या शाळेत सगळ्यांनी रात्र काढली. सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळा अशा वापरता येतील, हे त्याला तिथे सुचलं. पुढे 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. आपल्याकडची यूथ हॉस्टेल्स असोसिएशन 1949 ची. नावात 'यूथ' असलं तरी त्यांच्या हिमालयातल्या ट्रेकला जाणारे पन्नाशी-साठीचे काका-काकू तुमच्या ओळखीत नक्की सापडतील, महाराष्ट्रातून तर रांगा लागतात. आत्ताची रंगीत भिंतींची खासगी हॉस्टेलं बरीच अलीकडची. त्यांतली सगळ्यांत गाजलेली साखळी 2013 मध्ये जोधपूरला सुरू झाली.

आता खरा मुद्दा, पैशाचा. हॉस्टेल स्वस्त पडतं म्हणून तुम्ही तिकडे वळलात. ते तितकंसं खरं नाही.

खाटेचे 650, म्हणजे चार रात्रींचे 2600, वर कर. हंपीजवळच्या होस्पेट शहरात बसस्टँडच्या आसपास साध्या, स्वच्छ लॉजमध्ये एकटीची खोली हजार-बाराशेत मिळू शकते. चार रात्रींत फरक पडला दोन हजारांचा. बरं, सानापूर तुंगभद्रेच्या पलीकडे. देवळं, बाजार, संग्रहालय सगळं अलीकडे. विरूपाक्षाच्या देवळाजवळून होडी असते, पण ती संध्याकाळी बंद होते आणि नदीला पाणी चढलं की दिवसाही बंद. मग रिक्षाने पुलावरून वळसा. एकटीने दोन दिवस रिक्षा केलीत की वाचवलेले दोन हजार तिथेच गेले. होस्पेटहून हंपीला मात्र दिवसभर बस असते, अंतर 13 किलोमीटर. दोघं मिळून जाणार असाल तर हिशेब आणखीच उलटा होतो. दोन खाटांच्या पैशांत लॉजची डबल रूम येते. हे मी तुमच्यासाठीच नाही, 'लग्नानंतरची पहिली ट्रिप हॉस्टेलमध्ये करू का' असं विचारणाऱ्या त्या दोन जोडप्यांसाठीही लिहितेय. त्यांची पत्रंही माझ्याकडे पडून आहेत.

मग हॉस्टेलमध्ये जास्तीचं काय मिळतं? माणसं. तेवढंच, पण ते थोडं नाही. मी सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा अशा खाटेवर झोपले, फोर्ट कोचीला. पहिल्या संध्याकाळी कुणी बोललं नाही. सगळ्या मुली आपापल्या फोनमध्ये, आणि मी उगाच पिशवी उचकून पुन्हा भरत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिवड्याचा डबा टेबलावर उघडा ठेवला. अर्ध्या तासात मला चार जणांची नावं, गावं, आणि एकीच्या मोडलेल्या साखरपुड्याची हकीकत ठाऊक झाली होती. त्या दिवशी मी एकटी जेवले नाही. त्याच्या पुढच्या रात्री मात्र दोन वाजेपर्यंत बाहेर गिटार चालली होती आणि मी मनातल्या मनात सगळ्या तरुण पिढीला शिव्या घालत होते.

तुमच्या पत्रात एका ठिकाणी आहे, "चार दिवस कुणाशी बोलायला नको, नुसतं शांत बसावं." आणि पुढच्याच पानावर, "तिथे बोलायला कुणीतरी असेल ना?" ताई, दोन्ही खरंच असणार, माणसाला दोन्ही लागतं. पण कुठल्या रात्री काय हवं हे ठरवलंत तर कुठे राहायचं ते आपोआप ठरेल. शांतता हवी त्या रात्री स्वतःची खोली घ्या, बोलायला माणूस हवं त्या रात्री हॉस्टेलची खाट. चारही रात्री एकाच ठिकाणी काढायच्या असं कुठे ठरलंय?

मी असं करीन. मिरजेहून होस्पेटला थेट जाणारी गाडी म्हणजे कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया, आणि ती होस्पेटला पोचते रात्री. त्या वेळी नदीपलीकडे जायच्या भानगडीत पडू नका. पहिली रात्र होस्पेटच्याच लॉजमध्ये. दुसऱ्या दिवशी उजेडी हॉस्टेलला जा आणि तिथे दोन रात्री काढा. चौथी रात्र पुन्हा अलीकडे, कमलापूरला किंवा होस्पेटला, दार लावून एकटीने. हॉस्टेलमध्ये पहिल्याच रात्री जीव रमला नाही, तर फार तर दुसऱ्या रात्रीच्या खाटेचे पैसे जातील.

सुरक्षिततेचं आता सरळ बोलते, कारण गुळमुळीत बोलून उपयोग नाही. 6 मार्च 2025 च्या रात्री सानापूरजवळ कालव्याकाठी बसलेल्या पर्यटकांवर हल्ला झाला. दोन स्त्रियांवर बलात्कार झाला, त्यातली एक तिथलीच होमस्टे चालवणारी होती. बरोबरच्या एका तरुणाचा कालव्यात बुडून जीव गेला. ते पाच जण एकत्र होते. चूक त्यांची नव्हती, हे आधी लिहून ठेवते. आपण त्यातून घ्यायचं एवढंच, की त्या भागात अंधार पडल्यावर कालवा, तलाव, टेकड्या इथे जायचं नाही. कुणी कितीही चांदणं दाखवायला नेत असलं तरी नाही. मातंग टेकडीवरचा सूर्योदय प्रसिद्ध आहे, पण तिथे पहाटे एकटीने जाऊ नये असं तिथली माणसंच सांगतात. हॉस्टेलचा उपयोग होतो तो असा. आदल्या रात्री "उद्या कोण कोण येतंय?" म्हणून विचारलं की पाच-सहा जणांचा घोळका जमतो. लॉजमध्ये राहून तो घोळका कुठून आणाल?

एवढं वाचूनही पलीकडचं नाव काढलं की पोटात गोळा येत असेल, तर सानापूर सोडून द्या. सगळ्या रात्री होस्पेटला काढा आणि हॉस्टेलचा पहिला अनुभव दुसऱ्या एखाद्या गावी घ्या. हंपी तेवढंच दिसेल. मुलीने पाठवलेल्या जुन्या लेखांत नदीपलीकडच्या 'हिप्पी बेटा'ची तारीफ असेल, तर तेही विसरा. विरुपापूर गड्डीवरची ती हॉटेलं सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 2020 मध्येच पाडली गेली.

बुकिंग करण्याआधी फोन करा, तोही रात्री दहाच्या सुमारास. कोण उचलतं, कसं बोलतं, यावरून निम्मं कळतं. रात्री काउंटरवर माणूस असतो का? बायकांच्या खोलीला आतून कडी आहे का, की नुसतं कार्ड? संडास खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे, आणि कमोड आहे ना? गुडघ्यांसाठी हा प्रश्न विचारायला लाजू नका. खाटा रेल्वेसारख्या एकावर एक असतात, त्यामुळे "मला खालचीच लागेल, तशी नोंद करा" हे तेव्हाच सांगा आणि मेसेजवर लेखी घ्या. वयाचंही विचारा. काही हॉस्टेलं डॉर्ममध्ये, म्हणजे सामाईक खोलीत, वरच्या वयाची अट ठेवतात, ती बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरांत असते. अट निघालीच तर मनाला लावून घेऊ नका, दुसरं शोधा. अठराच्या आतल्या मुलांनाही बहुतेक ठिकाणी डॉर्म मिळत नाही. म्हणून 'दहावीच्या मुलाला घेऊन जाऊ का' असं विचारणाऱ्या आईने हॉस्टेलमधलीच स्वतंत्र खोली बघावी. आधार कार्ड जवळ ठेवा, पॅनवर भागत नाही. अनेक हॉस्टेलं त्याच गावचा पत्ता असलेल्यांना खाट देत नाहीत. सांगलीचा पत्ता हंपीत आडवा येणार नाही, पण गोव्यात नोकरी करणाऱ्या आपल्या एका वाचकाला पणजीत हाच अनुभव आला.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना पाच चांदण्यांचे आणि एका चांदणीचे दोन्ही बाजूला ठेवा. तीन चांदण्यांवाले लोक खरं बोलतात. 'जागा छान, पण शनिवारी गाणी उशिरापर्यंत' अशी एक ओळ दिसली की समजा, शनिवारी तिथे जायचं नाही. दिवाळीच्या आणि नाताळच्या आठवड्यात तर जाऊच नका. तुम्हाला रजा मिळते, शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या नाही आहात, मग आठवड्याच्या मधल्या वारी जा. दर उतरलेले असतात आणि खोलीही अर्धी रिकामी असते.

सामानात एक छोटं कुलूप हवंच. लॉकर असतो, कुलूप बहुतेकदा आपलं लागतं. टॉवेल, चपला, रात्री संडासला जायला टॉर्च. दागिने घरी. बीपीच्या गोळ्या लॉकरमध्ये न ठेवता उशाच्या पाकिटात ठेवा, म्हणजे सकाळी सगळ्या झोपलेल्या असताना कुलपाचा खडखडाट नको. डॉर्ममधला सगळ्यांत मोठा गुन्हा माहीत आहे का? पहाटे पाचला कॅरीबॅगची चुरचुर. आपल्या पिढीच्या बायका प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधतो, त्या पिशवीला गाठ मारतो आणि ती गाठ पहाटे सोडतो. सामान कापडी पिशव्यांत भरा आणि सकाळचे कपडे रात्रीच काढून ठेवा. मुलीचा व्हिडिओ कॉल खोलीत स्पीकरवर घेऊ नका, ओले कपडे दुसरीच्या कठड्यावर वाळत घालू नका. एवढं पाळलंत की तुम्ही त्या खोलीतल्या सगळ्यांत लाडक्या रहिवासी व्हाल.

आणि घोरणं. अहो, आठ जणींच्या खोलीत एक तरी घोरतेच, बावीस वर्षांची पोरगीही घोरते. मेडिकलमध्ये कानात घालायचे बोळे मिळतात. दोन-तीन जोड न्या आणि खोलीत गेल्यावर हसत सांगून टाका, "मी घोरते बरं का, हे घ्या." न सांगता घोरणाऱ्या बाईचा राग येतो, सांगून घोरणारीचा येत नाही. पण यात एक गोष्ट गंभीर आहे. मोठ्याने घोरणं आणि बीपी दोन्ही आहे, शिवाय दिवसा झापड येत असेल किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखं होत असेल, तर हंपीला जायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत श्वास थांबण्याचा त्रास असू शकतो आणि त्याने बीपी चढतं. लाज वाटत असूनही हे पत्रात लिहिलंत, तर दवाखान्यातही सांगा.

दोन वर्षं थांबायचं म्हणता, त्याला माझा विरोध आहे. दोन वर्षांनी पैसे वाढतील, तसे हॉटेलचे दरही वाढतील, आणि गुडघे काही सुधारणार नाहीत. हंपीत चालायला खूप लागतं, पायऱ्याही खूप. विठ्ठल मंदिराशी, आपल्या 50 रुपयांच्या नोटेवर तो दगडी रथ आहे ना, तिथे फाटकापासून आत जायला बॅटरीची गाडी असते. बाकी बरंचसं पायीच. त्या देवळात मूर्ती नाही, हे आधीच सांगून ठेवते. पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायाने तिकडे नेला आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत आणला, ही गोष्ट तुम्ही गोंदवल्याच्या कीर्तनात ऐकली असेलच. तो रिकामा गाभारा बघायला मराठी माणसाने एकदा जावं, असं मला आपलं वाटतं.

आता यजमानांकडे येते. मैत्रिणींबरोबर जातेय असं सांगून निघू नका. खोटं बोलू नये वगैरे मी शिकवत नाही, तुम्ही माझ्या वयाच्या जवळपास आहात. अडचण साधी आहे. तिसऱ्या दिवशी तुमचा फोन बंद पडला तर ते कुणाला फोन करतील? जी मैत्रीण सांगलीत ऑफिसला बसलेली आहे, तिला. तिथून जो गोंधळ सुरू होईल तो नणंदबाईंच्या हसण्यापेक्षा फार मोठा असेल. एकट्या बाईच्या प्रवासात पहिला नियम हाच, की आपण कुठल्या छपराखाली झोपलोय हे घरच्या एका तरी माणसाला नेमकं माहीत असावं. नाव, पत्ता, तिथला फोन. तुम्ही जो बेत केलाय त्यात ते माणूसच उरत नाही. मुलीला माहीत असेल म्हणाल, तर मग तिलाही बापाशी खोटं बोलायला लावताय.

त्यांना सांगा. परवानगी मागतोय असं नाही आणि भांडायच्या तयारीनेही नाही. तारखा ठरवून, हॉस्टेलचे फोटो दाखवून, "तुम्ही येताय का?" असं विचारून. नाही म्हणतील, पण विचारलेलं लक्षात राहील. कदाचित 'हॉस्टेल कशाला, लॉजवर राहा, वरचे हजार मी देतो' म्हणतील. मग घ्या ते हजार! आणि अगदी "जायचं नाही" असंच म्हणाले तर? मग तो हॉस्टेलचा प्रश्न उरणार नाही, त्यासाठी मला वेगळं पत्र लिहा. माझा अंदाज, ती वेळ येणार नाही. ज्या माणसाला घरातून हलायचा कंटाळा आहे, त्याला बायको चार दिवस गावाला गेली तर टीव्हीचा रिमोट मिळतो, हेही काही कमी नाही.

नणंदबाईंना काही सांगू नका. आल्यावर फोटो दाखवा.

तिकीट काढताना एक लक्षात असू द्या. पंचेचाळिशीपुढच्या बायकांसाठी रेल्वेत लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, बुकिंग करताना तोच निवडा, गुडघ्यांची सोय होईल. हॉस्टेलच्या खालच्या खाटेला असा कोटा नाही. ती फोन करूनच मिळवावी लागेल, म्हणजे रात्री दहाचा तो फोन चुकवू नका.